तीन घरचं बी

बायकोचा फोन मी अजून तिच्याच जागी ठेवतो. स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीला टेकवून उभा. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याला, रेंज घरात सगळीकडं येत नाही, त्या बरणीपाशी येते. ती जागा तिनंच शोधून काढली. फोन हातात घेऊन दोन दिवस घरभर फिरत होती, मी हसत होतो.

फोन लेकीनं दिलेला. लेक कुंभिवलीला दिली आहे. मी चौथी शिकलो, बायको तेवढंही नाही. सही करायची, ती पण चित्र काढल्यासारखी. पण फोनवर तिचं काही अडलं नाही. लेकीनं दाखवलं, हे बटण दाबून धर, बोल, सोड. झालं. लिहिणाऱ्या बाया अक्षरं शोधत बसायच्या तोवर हिचं बोलून व्हायचं.

ती एका ग्रुपमध्ये होती. परसातल्या भाज्यांचा ग्रुप. शेजारच्या वाडीतल्या एक बाई अंगणवाडीतून रिटायर झाल्या, त्यांनी काढलेला. चाळीसेक बाया. निम्म्या आमच्याकडच्या गावांतल्या, बाकी मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या, शेलूच्या नव्या बिल्डिंगींतल्या, कर्जतच्या एक शिक्षिका. तिथं बी विकायचं नाही असा नियम. ज्याला लागेल त्यानं मागायचं, आणि पुढच्या साली मूठभर परत करायचं. पुड्या जायच्या दूधवाल्याच्या टेंपोतून. कागदात बांधून द्यायचं, तो वाटेवर कुणाच्या तरी हातात ठेवायचा, तिथनं पुढं जायचं.

मला ते बिलकूल पटायचं नाही. आमच्या घरचं पडवळ म्हणजे तिच्या आईच्या परसातलं. हातभर नाही, दोन हात लांब व्हायचं आणि शेवटपर्यंत कोवळं. ते बी ही कुणालाही द्यायची.

"तोंड बगितलंस का त्या बायांचं?" मी विचारायचो. "उद्या परत नाय दिलं तर कुनाच्या दारात जाशील?"

"नाय दिलं तर नाय दिलं. बी एका घरात ठिवायचं नसतं. तीन घरी ठिवायचं. आपलं उंदरानं खाल्लं तर मागायला जागा पायजे."

"आपल्याकडं उंदीर नाय."

"तुमी हाय ना," म्हणायची. एकदा मी तिच्या काकडीचं बी मुखवास समजून खाल्लं होतं, ते तिनं मला कधी विसरू दिलं नाही.

दिवाळीनंतर ती गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी नाही. त्यावर जास्त लिहीत नाही. लिहून ती उठून येणार नाही.

दिवस झाले, पाहुणे गेले, आणि एका सकाळी मी चहा घेऊन फळीपाशी उभा राहिलो. फोन उचलला. ग्रुप उघडला. तिचे आवाज तिथं ओळीनं होते, प्रत्येकापुढं एक तिरकोणी. तो दाबला की ती बोलायची. दुध्याचं बी कोरड्या दुध्यातच ठेवा, फोडू नका. काकडीचं बी राखेत घोळा. कारल्याच्या वेलाला सकाळी पाणी, संध्याकाळी नको. जन्मभर माती उकरलेला माणूस मी, मला काय कारलं लावायचं ते शिकायचं नव्हतं. पण रोज चहाबरोबर एक आवाज ऐकायचो. एकच. धान्याच्या कणगीतनं रोज मापानं काढावं तसं.

मग चैत्रात ग्रुपवर शेलूच्या एका बाईचा मेसेज आला. मी अक्षर अक्षर लावून वाचला. "काकू, यंदा पडवळाचं बी मिळेल का? माझं मागचं सगळं वाया गेलं."

बायको गेल्याचं ग्रुपवर आधीच सांगितलं होतं. फुलांच्या आणि देवांच्या फोटोंत या बाईच्या नजरेतनं ते सुटलं असणार. एवढंच होतं. पण माझं डोकं फिरलं. बटण दाबलं आणि बोललो, "काकू मेली. बी संपलं." आणि ग्रुप सोडून दिला.

बी संपलं नव्हतं. सगळ्या पुरचुंड्या माझ्या डोक्यावर, चुलीच्या वर टांगलेल्या होत्या.

लेकीच्या कानावर गेलंच. फोन आला. "बाबा, असं बोलत्यात का कुनाला? वारली म्हनावं तरी."

"वारली काय, मेली काय, माणूस तर नाय ना घरात."

"आनि बी? संपलं?"

मी म्हटलं, चुलीवर दूध आहे, आणि फोन ठेवला. दूध नव्हतं.

त्यानंतर महिनाभरात फोन अडकायला लागला. जागा नाही, जागा नाही असं सारखं लिहून यायचं. मी म्हटलं, कुणाला विचारायला नको, हे काय अवघड आहे. बांधावरचं गवत काढतो तसं काढू. फुलांचे फोटो, देवांचे, रामराम, शुभ सकाळ, एकेकाला दाबून धरलं आणि टाकलं. मग फोननंच विचारलं, सगळंच साफ करू का. मी हो म्हणालो. फोन हलका झाला. मला बरं वाटलं, आपल्यालाही जमतं म्हणून.

दुसऱ्या सकाळी चहा ओतला, फोन घेतला. ग्रुपचं नाव होतं. आत काही नव्हतं. नुकत्या सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ. एकही तिरकोणी नाही.

चहा तसाच ठेवून मी पहिली एसटी धरली आणि लेकीकडं गेलो. तिनं बराच वेळ फोन उलटापालटा केला. जावयांनी केला. मग लेक म्हणाली, "बाबा, साफ केलं म्हंजे गेलं." फोन पदरानं पुसून तिनं माझ्या हातात दिला. तिची पण आईच होती ती.

कर्जतला फोन दुरुस्त करणाऱ्याकडं गेलो. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "आजोबा, कुठं जपून ठेवलेलं नव्हतं. नाही येणार परत." सरळ सांगितलं, उद्या या परवा या केलं नाही. मला तो माणूस आवडला. पण बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर मी बसलो ते उठायचं भानच राहिलं नाही. तिला एकदा पोचवून आलो होतो. या खेपेला माझ्याच बोटानं गेली.

रस्ता लेकीनंच दाखवला. फोनवर म्हणाली, "बाबा, आई त्या बायांशीच बोलायची ना? मग तेच आवाज त्यांच्या फोनमदी असतील. मागा त्यांच्याकडं."

"मी ग्रुप सोडलाय."

"मग परत जावा. पायी चालत जावं लागत नाय तिथं."

मी पायीच गेलो, शेजारच्या वाडीत, अंगणवाडीच्या बाईंकडं. ओट्यावर वाल निवडत बसल्या होत्या. मला बघून सूप बाजूला केलं नाही.

"या भाऊ. राग गेला का?"

"राग नव्हता."

"मंग काय होतं?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो. त्यांनी चार वाल निवडले आणि म्हणाल्या, "घेते ग्रुपमदी. पण शिव्या घालायच्या नायत."

"मी कवा शिव्या घातल्या?"

"तुमचं साधं बोलनंच शिवीवानी असतंय."

"बाई, तुमी मला चार वेळा बगितलं असेल. माझं बोलनं तुमाला काय ठाऊक?"

"ठाऊक हाय," म्हणाल्या आणि हसल्या. त्या का हसल्या ते मला तेव्हा कळलं नाही.

परत ग्रुपमध्ये आलो. आता मागायचं कसं? तोंडावर बोलणारा माणूस म्हणून मी अख्ख्या गावात प्रसिद्ध. सरपंचाला ग्रामसभेत बोललोय, जावयाला लग्नाच्या मांडवात बोललोय. पण चाळीस अनोळखी बायांपुढं म्हाताऱ्यानं म्हणायचं की मला बायकोचा आवाज द्या? ते तोंडातून निघेना. म्हणून मी आडवाट काढली. बोललो, "आमच्या हिनं बियांची जी माहिती सांगितली होती ती कुनीतरी पाठवा. लावणीला लागतीय."

दुसऱ्या दिवशी कर्जतच्या शिक्षिकांची यादी आली, वेळोवेळी वहीत उतरवून ठेवलेल्यातनं काढलेली. एक, दोन, तीन असे आकडे घालून. कोणतं बी किती खोल, दोन वेलांत किती अंतर, पाणी कधी. लावणीचं बायकोनं सांगितलेलं एक अक्षर सुटलं नव्हतं. किती वेळ घातला असेल त्या बाईंनी. आणि मला त्या यादीचा काडीचा उपयोग नव्हता. त्यात बायको सोडून सगळं होतं.

मी चुलीपाशी बसलो आणि वर बघितलं. पुरचुंड्या तशाच. धुरानं काळ्या झालेल्या, तिच्या जुन्या ब्लाउजच्या कापडाच्या. मिरग तोंडावर आला होता. आणखी थोडे दिवस तशाच राहिल्या असत्या तर त्या वर्षाचं लावायचं गेलं असतं, आणि जुनं बी पुढच्या साली निम्मं उगवतं. मी तिच्या ग्रुपकडं मागायला गेलो होतो, आणि तिचंच बी दडवून. तिथली रीत तशी नव्हती. मागायला जागा पाहिजे, तर आधी दिलेलं पाहिजे.

पडवळाची पुरचुंडी काढली, मांडीवर घेतली आणि बटण दाबलं. काय बोललो ते मला नीट आठवतं, कारण नंतर मी ते स्वतःच ऐकलं.

"मी बोलतोय. मी खोटं बोललो. बी संपलेलं नाय. चुलीवर टांगलंय. पडवळ, दुधी, शिराळं, काकडी, कारली. ज्यांना पायजे त्यांनी सांगा, उद्याच्या टेंपोत देतो. शेलूच्या बाई, तुमाला मी वंगाळ बोललो, तुमची चूक नव्हती. पडवळ पयलं तुमाला. आनि आणखी एक. माझ्या हातनं तिचे सगळे आवाज पुसले गेले. यादी चांगली हाय, पण यादी नको. तिचा आवाज पायजे. कुनाकडं असला तर द्या."

बोट सोडलं. गेलं. फोन बरणीला लावला आणि अंगण झाडायला गेलो. झाडलेलंच अंगण परत झाडलं. आत येऊन बघितलं तर काही नाही. दुपारचं जेवण झालं, काही नाही. मी मनात म्हटलं, चाळीस अनोळखी बाया, तुझं काय देणं लागतात.

दुपार कलली आणि मोहोपाड्याहून एक आवाज आला. दुध्याचा. मग दुसरीकडून दोन. एकीनं लिहिलं की तिचा फोन बदलला, आता काही नाही, आजोबा माफ करा. दिवेलागणीला शेलूच्या बाईंनी सात पाठवले, एकामागून एक. खाली लिहिलं होतं, "मी काकूंचं ऐकत ऐकतच कुंड्यांत लावायचे. पुसायचं कधी मनातच आलं नाही."

सगळे मिळून एकोणीस आले. आधी दोनशेच्या वर होते. गेलेले गेले.

त्या सात आवाजांतला एक मी कधी ऐकला नव्हता, किंवा माझा दिवस तिथपर्यंत आला नव्हता. दुसऱ्या सकाळी चहा केला, पेला हातात घेतला आणि तो लावला. बायको सांगत होती, शिराळ्याचं बी लावायच्या आदल्या रात्री भिजत घाला बायांनो, कोमट पाण्यात, आणि मागून कुणीतरी रेड्यासारखं ओरडलं, "कुनाशी बोलत बसलीस गं? चहा होनार का नाय आज?"

तो मी.

"आवं थांबा की," बायको म्हणाली. मग परत फोनजवळ तोंड आणून, हळूच, "बायांनो, हा आमचा रेडिओ. याला बटान नाय. तर काय सांगत होते, कोमट पाण्यात."

म्हणजे चाळीस बाया मला केव्हापासून ओळखत होत्या. अंगणवाडीच्या बाई ओट्यावर बसून हसल्या त्या याला. मी म्हणत होतो, तोंड न बघितलेल्या बाया. त्यांनी माझं तोंड बघितलं नव्हतं, बाकी सगळं ऐकलेलं होतं, आणि तरीही आवाज पाठवले. मी तो आवाज तीनदा ऐकला. एक दिवस एक, हा माझा नियम त्या दिवशी मोडला. पेल्यातला चहा गार झाला. आता चहा मीच करतो, बरा होतो.

पुड्या मीच बांधल्या, जुन्या कॅलेंडरच्या कागदात. वर नाव मीच लिहिलं. पडवळ लिहिताना ळ दोनदा गिरवला. सहा पुड्या टेंपोवाल्याच्या हातात दिल्या. शेलूची पुडी वेगळी ठेव म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, काकू पन असंच सांगायच्या."

लेक आली, तिनं एकोणीसही आवाज आपल्या फोनवर घेतले. कॉम्प्युटरवर पण ठेवते म्हणाली. मी म्हटलं, ठेव, पण एक घर झालं. दुसरं अंगणवाडीच्या बाईंचं. तिसरं शेलूच्या बाईंचं. दोघींना तसं सांगितलं, आणि फोन बदलला तर आधी कळवा, असंही. अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "हुकूम सोडताय का विनंती करताय?" मी म्हटलं, तुम्हाला जे ऐकू आलं ते.

दोन महिन्यांनी शेलूच्या बाईंनी लिहिलं नाही, आवाज पाठवला. मला वाटायचं कुणी तरणी पोर असेल. आवाज पिकलेला होता, माझ्याच वयाच्या आसपासचा. "भाऊ, वेल चढलाय गॅलरीच्या जाळीवर. पडवळाच्या शेंड्याला दगड बांधायचा असं काकू म्हणायच्या. तो आवाज आला नाही का कुणाकडून? दगड केवढा बांधायचा?"

तो आवाज कुणाकडंच नव्हता. पण दगड बांधायचं काम घरात माझं होतं. दोरी ती वळायची, दगड मी बांधायचो.

बटण दाबलं. सांगितलं की आधी आवळ्याएवढा, जास्त नको, नाहीतर देठातनं तुटतं. बोटभर वाढलं की बदलायचा. नदीतला गोटा घ्यावा, फुटका दगड दोरी कापतो. तुमच्या बिल्डिंगीत नदीचा गोटा मिळायचा नाही, मी टेंपोतून पाठवतो. गॅलरीला वारा लागत असेल तर दगड भिंतीवर आपटेल, तर फडक्यात बांधा. मग शिराळ्याचं निघालं, मग मांडवाचं. बोट दाबून धरलेलं मला कळलंच नाही.

थोड्या वेळानं अंगणवाडीच्या बाईंनी खाली लिहिलं, "रेडिओ लागला."

मी परत बटण दाबलं. कारल्याचं राहिलं होतं, ते सांगितलं.