उधन्यातल्या चाळीच्या जागी

उधन्यातली आमची चाळ पाडून तिथे कापडाचं मोठं मार्केट उभं राहिलं. नळाजवळचा कडुनिंब तरी ठेवलाय का, हे आईला पाहायचं होतं. म्हणून मी तिला गोडादऱ्याहून रिक्षाने घेऊन गेलो. फाटकावर वॉचमनने अडवलं.

"किसको मिलना है?"

आम्ही इथेच राहायचो, असं आईने तिच्या अहिराणीत सांगितलं. ते ऐकून तो ओशाळला.

"आठे उभी नको ऱ्हाऊ, माय. शेठ माले बोलस."

तोही खानदेशातलाच निघाला. आम्ही कडुनिंब न बघताच परतलो.

"किती मायेने बोलला पोरगा," आई रिक्षात म्हणाली. मी मात्र धुमसत होतो. आम्हाला उठवणाऱ्यांनी दारावर आमचाच माणूस ठेवला होता.