ऑर्गनवर एक पाय

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. पुढे संगीतात एम.ए. केलं, आणि आता ज्या कॉलेजात शिकवते तिथे युवक महोत्सवाची निवड असली की परीक्षकाची एक खुर्ची माझी असते. हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही. आसेगावला माझे काका पारावर सांगतात, "आमची पोरगी पेटी वाजवणाऱ्याले मार्क देते," आणि ऐकणारे हसतात. पेटी वाजवायची, मान डोलवायची, त्याले मार्क कायचे?

मार्क असतात. आमच्या कागदावर दोन रकाने असतात. पहिला तंत्राचा. बोटं, बसणं, हवा भरणं, हे सगळं डोळ्यांनी दिसतं. दुसरा सांगीतिक समजेचा, आणि तिथे भांडणं होतात. मी विद्यार्थ्यांना एवढंच सांगते की वाजवताना तुम्ही स्वतःला ऐकता की नाही, ते त्या रकान्यात जातं.

गेल्या हिवाळ्यातली निवड ऑर्गनची होती. आमच्याकडे एक जुना ऑर्गन आहे, म्हणजे पायपेटी. कुठल्याशा बंद पडलेल्या नाटक मंडळीकडून आलेला. खाली पायांसाठी दोन पायटे, ते आळीपाळीने दाबून हवा भरत राहायचं, वर दोन्ही हात मोकळे. उंदरांच्या भीतीने त्याची खोली बंद असते. ज्याची महोत्सवाला निवड होईल त्याला रोज सरावाला मिळणार, बाकीच्यांना आठवड्यातून एक तास. साऱ्या तालुक्यात दुसरा ऑर्गन नाही, त्यामुळे मुलांचा जीव महोत्सवापेक्षा त्या खोलीतच जास्त होता.

माझ्यासोबत परीक्षक म्हणून अकोल्याच्या एक बाई होत्या. निवृत्त, कडक इस्त्रीची साडी, बोलणं त्याहून कडक. शेवटी दोनच नावं उरली. एक वाशीमचा मुलगा आणि एक किन्हीराजा गावची मुलगी.

मुलगा आधी बसला. पाठ ताठ, पाय एका गतीने खाली-वर, अंगठा बोटांखालून असा सरकायचा की कळायचंही नाही. द्रुत लयीतल्या ताना मण्यांसारख्या सुट्या सुट्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घरात शिकवणी दिसते." मी पहिल्या रकान्यात हात सैल सोडून मार्क दिले. त्याचा त्यावर हक्कच होता.

मग मुलगी. तिचे वडील गावच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात, ही त्यांच्या शेजारी बसून पेटी शिकलेली. आमच्याकडची पेटीची बैठक ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं आधीच कळेल. मांडी घालायची, उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, आणि ठेका गुडघ्याने धरायचा. गुडघा थांबला तर मंडळातले म्हातारे ओरडतात, "झोपली का वो?"

इथे गुडघ्याखाली पायटे होते. तिचा पाय सवयीने ठेका धरू लागला आणि प्रत्येक मात्रेला हवा धक्क्याने आत. सूर भरल्या घागरीसारखा हिंदकळायला लागला. मागच्या बाकावर कोणीतरी म्हणालं, "एसटी आली, एसटी!" हशा झाला. बाईंनी पेन उचललं.

मुलगी थांबली नाही. मान खाली घालून तिने क्षणभर ऐकलं, आणि डावा पाय पायट्यावरून काढून सरळ फरशीवर ठेवला. ठेका त्या पायाला देऊन टाकला. हवा एकट्या उजव्या पायावर. सूर लहान झाला, पण सरळ झाला. मागची पोरं गप्प झाली, कारण आता ऐकायला कान द्यावा लागत होता.

"हे शिलाई मशीन आहे का?" बाई पुटपुटल्या.

"बाई, तिनं चूक ऐकली आणि वाजवता वाजवता दुरुस्त केली," मी म्हणाले.

"गावाकडची आहे म्हणून बोलताय."

"गावाकडची मीही आहे. मले कोणी फुकट मार्क दिले नाहीत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या फेरीचा कागद ओढला.

दुसरी फेरी साथीची. एक मुलगी अभंग म्हणणार, दोघांनी पाळीपाळीने साथ करायची. वाशीमच्या मुलाने सगळं अचूक वाजवलं, पण गाणारीने श्वास घेतला की त्याची बोटं लगेच ती जागा भरून काढत. बिचारीला पुढची ओळ धक्का मारून सुरू करावी लागे. किन्हीराजाच्या मुलीने तिथे काहीच केलं नाही. फक्त एक सूर हलकेच धरून ठेवला, कोणी दार उघडं धरावं तसा. गाणारी निवांत श्वास घेऊन त्याच सुरावर परतली. तेच गाणं, तोच गळा, पण गाणारीच्या खांद्यावरचा ताण उतरलेला दिसत होता.

आम्ही कागद एकमेकींना दाखवले. पहिल्या रकान्यात बाईंनी मुलीला बरंच कापलं होतं, माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त. दुसऱ्या रकान्यात मात्र मीही द्यायला कचरले असते इतके दिले होते. "चूक ती चूक," त्या म्हणाल्या, "आणि कान तो कान." मला त्यांचं फार कौतुक वाटलं. एका रकान्यातला राग त्यांनी दुसऱ्यात सांडू दिला नव्हता. बेरीज मुलीकडे झुकली.

निकाल सांगितल्यावर मुलगा सरळ माझ्याकडे आला. "मॅडम, माझं काय चुकलं?"

"तू गाणाऱ्याले श्वास घेऊ देत नाहीस."

त्याने वही काढली. "कुठं कुठं, सांगसान?" म्हणाला. असा विद्यार्थी असला की शिकवायला हुरूप येतो. मी सांगत बसले.

मुलीसोबत आलेले तिचे वडील दारातूनच म्हणाले, "मॅडम, एका पायानं चालते ना तिथं महोत्सवात?"

"नाही चालत," उत्तर बाईंनी दिलं. "ये गं, बस परत." आणि ती कडक इस्त्रीची साडी सावरत बाई सरळ फरशीवर बसल्या. मुलीचे दोन्ही घोटे हातात धरायला गेल्या, तर पोरीने पाय वर ओढून घेतले.

"बाई, पायाले हात नका लावू!"

"पाय दे म्हणते ना. नमस्कार नाही करत मी."

वडिलांनी तोंड फिरवलं. त्यांना ते बघवेना. बाईंनी घोटे धरून पायटे दाबायला सुरुवात केली. एक खाली, एक वर, ठेक्याशी संबंध नाही. मुलगी वर अवघडून वाजवत होती. बऱ्याच वेळाने तिचे खांदे खाली आले आणि सूर मोठा होऊन भिंतींना लागला. बाईंनी केव्हा हात सोडले ते तिला कळलं नाही.

वाजवतच तिने विचारलं, "मॅडम, उद्या खोली कितीले उघडते?"

"शिपाई नवाला येतो."

"मी आठलेच येऊन बसीन."