कड

नेमगोंडा मगदूमच्या पत्राला मी अकरा वर्षं उत्तर दिलेलं नाही. आता तो नाही. पत्र मात्र आहे, टेबलाच्या खणात, आणि ते मला पाठ आहे. 'मास्तर, कड पुन्हा एकदा बघा. मी घासलेलं लोखंड रोज बघतो. हे घासलेलं नाही. तरी तुम्ही म्हणाल ते मान्य.'

नेमगोंडाचं इचलकरंजीत लेथचं वर्कशॉप होतं आणि जुन्या नाण्यांचा नाद होता. मी सांगलीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल, त्यामुळे नाण्यांवरची पुस्तकं माझ्या हाताशी, म्हणून तो मला मास्तर म्हणायचा. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सातआठ जण एका शाळेच्या हॉलमध्ये जमायचो. तिथे त्याने एकदा कंपनीच्या काळातली सोन्याची मोहर आणली. तिची कड गुळगुळीत होती. चलनातल्या मोहरेला दातेरी कड असते. आपल्याकडे मोहरेला डाग देऊन कडी बसवतात आणि गळ्यात घालतात. पुढे कुणीतरी कडी काढून कड कानशीने साफ करतं. संग्राहकाच्या लेखी असं नाणं गेलंच. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "कड घासलेली आहे. सोन्यापुरतंच राहिलं." त्यानंतर मी त्या रविवारच्या बैठकांना जाणंच सोडलं. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. नेमगोंडाच्या चेहऱ्याकडे पुन्हा बघवलं नसतं, एवढं खरं.

पत्र आल्यावर चार महिन्यांनी एका जुन्या लिलावाच्या यादीत तिचंच भावंड दिसलं. टांकसाळीत नवं नाणं पाडण्याआधी साचा पारखायला चारदोन नाणी पाडतात. त्यांना आम्ही नमुना-नाणी म्हणतो. यादीतली मोहर तसाच दुर्मिळ नमुना होती, आणि तिची कड मुळातच गुळगुळीत होती. मी यादी मिटून ठेवली. आणखी एकदा खात्री करू, मग लिहू. खात्री करता करता नेमगोंडा गेला.

परवा त्याच्या मुलीचा, त्रिशलाचा फोन आला. "काका, लेकीचं लग्न काढलंय. बाबांची ती मोहर आटवून पाटल्यांत घालतोय, पंधरा दिवसांनी. तुम्हीच म्हणाला होता न्हवं, सोन्यापुरतीच आहे म्हणून?" मी म्हणालो, "हं." आणि फोन ठेवला.

आज दुपारी जेवून पडलो आहे. पंखा फिरतो आहे. शेजारच्या गच्चीवर कुणीतरी गादी झोडपतं आहे, धप्, धप्, आणि तो आवाज हळूहळू यंत्रासारखा एकसुरी होतो आहे.

मी वाचनालयात आहे. कार्डांचे खण ओढतो आहे. प्रत्येक खणात कार्डांऐवजी लोखंडाचा कीस आहे, निळसर, वेटोळ्यांचा.

"त्यात न्हाई सापडायचं, मास्तर."

नेमगोंडा लेथपाशी उभा आहे. खाकी हाफ शर्ट, कानावर पेन्सिल. त्याच्या मागे पुस्तकांची कपाटं आहेत आणि कपाटांच्या मागे वर्कशॉपचं पत्र्याचं शटर.

"तू गेलास ना?" मी विचारतो.

"गेलो की. तुम्ही कुठं आला मातीला?"

मी मान खाली घालतो. पायाखाली तेलाने काळी झालेली फरशी आहे.

"पत्राचं उत्तर द्यायचं होतं," मी म्हणतो.

"पत्ता बदललाय म्हणून अडलं व्हय?" तो हसतो. हसताना पूर्वीसारखाच एक डोळा बारीक करतो. "बसा. चहा सांगतो. साखर कमी न्हवं?"

मी बसतो तेव्हा शाळेच्या हॉलमधल्या लहान मुलांच्या बाकावर बसलेलो असतो. गुडघे वर येतात. फळ्यावर कुणीतरी पाढे लिहिले आहेत. इतर सगळे पाठमोरे बसलेत. ती मोहर नेमगोंडाच्या चिमटीत आहे, फक्त कडेवर धरलेली. नाण्याच्या चेहऱ्याला बोट लागता कामा नये, हे त्याला मीच शिकवलं होतं.

"मी चुकलो," मी म्हणतो. पुन्हा म्हणतो. "नेमगोंडा, मी चुकलो. ती नमुना आहे."

"आवो, ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासनं. कानस लागली की धातू एका अंगाला वाहतो. ह्यो कुठं वाहिलाय? चाळीस वर्सं काय लेथवर भजी तळत होतो?"

"मग मला विचारलंस कशाला?"

तो मोहर उजेडात फिरवतो. उजेड कुठून येतो आहे ते कळत नाही.

"तुम्ही रविवारी यायचं बंद केलं. नाण्याचं निमित्त काढलं तर याल, असं वाटलं."

पाठमोऱ्यांपैकी कुणीतरी खोकतं.

"आता लिहितो," मी म्हणतो. "सगळं लिहितो. तुला."

"मला कशाला? मी काय पाटल्या घालणार हाय? पोरीला लिवा." तो माझा हात ओढून घेतो आणि मोहर माझ्या अंगठ्यात नि बोटात देतो. "धरा. घट्ट धरा, मास्तर. तुमची पकड पयल्यापासनं ढिली."

मी घट्ट धरतो. ती गरम आहे, लेथवरून आत्ताच उतरल्यासारखी.

गादी झोडपणं थांबलं आहे. चार वाजून गेलेत. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर गच्च दाबलेली. सोडवून बघतो, तर अंगठ्याच्या पेरावर एक बारीक, बाकदार वळ. दातेरी कड दाबली की कातडीवर बारीक रेघा उठतात. इथे एकही रेघ नाही. हातात काहीच नव्हतं. नाणी बघायचं गोल भिंगसुद्धा नेहमीच्या जागी, डबीत.

वळ आहे तोवर लिहायला बसलो. त्रिशलाला फोन केला असता तर पुन्हा "हं" म्हणालो असतो. मजकूर चार ओळींचाच झाला. 'चि. त्रिशला, ती मोहर आटवू नकोस. कड घासलेली नाही. तुझ्या वडिलांचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं, आणि हे मला दहा वर्षांपेक्षा जास्त काळ माहीत आहे. इतरांनाही सांगायला मी येत्या दुसऱ्या रविवारी हॉलवर जाणार आहे.' शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

पाकिटावर पत्ता घालून, चपला अडकवून नाक्यावरच्या पेटीपर्यंत गेलो. पाच वाजता पेटी उघडतात. पाकीट आत सोडलं आणि फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं. ते खाली गेलं होतं.