मास्तरांच्या मुलीचे फोटो

कॅमेरा मी हौसेनं घेतला होता. कलकत्त्याला बदली होऊन वर्ष झालं होतं. दिवसभर गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसात फायली, आणि क्वार्टरवर आलो की बायको, लहान मुलगा आणि नदीवरून येणारे बोटींचे भोंगे. एस्प्लनेडच्या एका दुकानात जुना कॅमेरा दिसला. बारा फोटोंचा रोल लागणारा, मान खाली घालून वरून बघायचा. आधी मुलाचे फोटो काढले, मग पुरीला गेलो तेव्हा समुद्राचे. ते फोटो मराठी मंडळात कुणाला तरी दाखवले, आणि हौस तिथंच संपायला लागली.

आमची माणसं शहरात मोजकी, त्यामुळे सगळ्यांचं सगळं एकमेकांकडे. गणपती, हळदीकुंकू, मुंज, मुलांचं नाटक, कुणाच्या बदलीचा निरोपसमारंभ, सगळीकडे फोटोला मी. आठवड्यातला एक रविवार मिळायचा, तो दोन बस बदलण्यात जायचा. पंगती उठल्यावर मी जेवायला बसे, तोवर वरण गार झालेलं. फोटो न्हाणीघरात धुवायचो. मध्येच वीज जायची आणि कागद वाया जायचे. नेऊन दिले की एकीचे डोळे मिटलेले असत, दुसऱ्याचे काका अर्धे कापले गेलेले असत. बायको म्हणायची, "तुम्हाला नाही म्हणता येत नाही, हाच तुमचा आजार आहे." ते खरं होतं.

मास्तर मला मंडळातच भेटले. भवानीपूरला त्यांची तिसरी पिढी. एका शाळेत गणित शिकवत. मराठी शुद्ध बोलायचे, पण जरा पुस्तकी. त्यांच्या मुलीचं मराठी मात्र बंगाली वळणाचं. ती तेव्हा विशीची असेल. सावळी, उंच, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारी. एका रविवारी मास्तर म्हणाले, "हिचा एक चांगला फोटो काढून द्याल का? नागपूरचं स्थळ आहे, त्यांनी फोटो मागितलाय."

आम्ही गच्चीवर खुर्ची मांडली. मुलगी आईचा शालू नेसली होती, आणि उन्हात तिच्या कपाळावर घाम येत होता. मास्तर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "रंग जरा उजळ येईल असं बघा. तुम्हाला त्यातलं कळतं."

मला कळत होतं. छापताना कागदाला उजेड कमी दिला की चेहरा गोरा उतरतो. मी तसा छापला. फोटो बघून मास्तरांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "किती छान दिसतेय माझी पोर." मला त्या दिवशी स्वतःचं कौतुकच वाटलं, हे कबूल करायला हवं.

दोन महिन्यांनी नागपूरची मंडळी येऊन मुलगी बघून गेली. त्यांना स्टेशनवरून आणायला मीही गेलो होतो, तेही फोटोसाठीच. चहा-पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाच्या आत्यानं एकदा मुलीकडे आणि एकदा पर्समधल्या फोटोकडे पाहिलं. मग फोटो टेबलावर ठेवून शांतपणे म्हणाली, "फोटोत वेगळी दिसत होती." मुलगी ट्रे उचलून आत गेली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण बघितलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

मी काही शिकलो असं म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षी पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मी पुन्हा त्या गच्चीवर होतो. साडी दुसरी, खुर्ची तीच, मास्तरांचं वाक्यही तेच. त्यानंतर इंदूरचं. दर वेळी मी तेवढाच उजेड कमी द्यायचो. दर वेळी मंडळी येऊन जायची आणि पंधरा दिवसांनी पत्रिका जमत नसल्याचं पत्र यायचं. मास्तर वाकायला लागले होते. मी कॅमेऱ्याची पिशवी खांद्याला लावली की माझेही पाय जड व्हायचे, आणि तरी जायचो.

चौथ्या वेळी गेलो तेव्हा मुलगी एका शाळेत नोकरीला लागली होती. शाळेतून नुकतीच आलेली, साधी सुती साडी, बोटांना खडू. आई आतून शालू घेऊन आली. मुलगी म्हणाली, "नको आई, अशीच बसते." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, एक विचारू? तुम्ही मला गोरी करता ना?"

मी म्हणालो, "हो."

"बाबांनी सांगितलं म्हणून?"

"हो. पण करतो मीच."

तिनं बोटांवरचा खडू पुसला. खालून ट्राम गेली. मग म्हणाली, "आज नका करू. मी आहे तशी काढा. येणाऱ्यांना घरात आल्यावर धक्का बसायला नको, आणि मलाही नको. प्रत्येक वेळी ते माझ्याकडे बघून फोटोतल्या मुलीला शोधतात. मी दमले, काका."

मी पण दमलो होतो, पण ते म्हणायचा मला अधिकार नव्हता. मी एकच फोटो काढला. हसायला सांगितलं नाही. छापताना काही केलं नाही. आजवर मी काढलेल्या फोटोंत तो सगळ्यात चांगला आहे असं मला अजूनही वाटतं.

मास्तरांनी तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाले, "हा कसा पाठवणार?"

"तशीच दिसते ती, मास्तर," मी म्हणालो.

"ते मला माहीत आहे. माझी मुलगी आहे." त्यांचा आवाज चढला नाही, फार थकल्यासारखा आला. त्यांनी फोटो पाकिटात घालून मला परत दिला. पुढे त्यांनी एका स्टुडिओत फोटो काढून घ्यायचं ठरवलं, पण मुलगी गेली नाही. घरात काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. मास्तर मंडळात भेटले की तब्येत विचारायचे, पण फोटोला पुन्हा बोलावलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

आमची बदली बिलासपूरला झाली तेव्हा ती एकटीच क्वार्टरवर आली. बायकोनं तिला चहा दिला. घरभर खोकी बांधलेली, बसायला एक ट्रंक. ती म्हणाली, "काका, माझ्या निगेटिव्ह असतील ना? मला हव्या आहेत. कुणाकडे राहायला नकोत."

मी शोधून काढल्या. तिनं एकेक खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिली. शेवटची तिनं वेगळी ठेवली आणि बाकीच्या पिशवीत टाकल्या.

"ही तुमच्याकडे राहू दे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "लग्नाचं काही..."

"नाही. आता आम्ही कुणाला पत्र टाकत नाही. बाबांना आधी वाईट वाटलं, मग सवय झाली. माझ्या शाळेच्या गप्पा आता तेच विचारून ऐकतात."

ती गेल्यावर बायकोनं कप विसळले, मी खोक्यांवर पत्ते लिहिले. कॅमेरा कपड्यांच्या ट्रंकेत तळाशी गेला. बिलासपूरला मंडळ होतं, पण फोटो काढता येतात हे मी कुणाला सांगितलं नाही.