आईच्या वजनाचे कांदे

माझ्या आईचं वजन एक गोणी आणि वर घमेलंभर कांदे एवढं आहे. हे मी जगजाहीर केलंय असं तिला कळलं तर माझी काही धडगत नाही, पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही.

कंबर धरली तेव्हापासून आईचं दिंडोरीच्या मळ्यात जाणं बंद झालं. तिथली द्राक्षबाग तिने आणि आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः लावलेली. आम्ही राहतो नाशिक रोडला. गेले दोन हंगाम तिने द्राक्षांचा खुडा नुसता फोनवर ऐकला. यंदा म्हणाली, "दिलीप, एकदा तरी घड माझ्या हाताने तोडू दे रे." मला गलबलून आलं. आणि मला गलबलून आलं, की मी पाना घेऊन जीपखाली शिरतो (बायको याला आजार म्हणते).

आमची जुनी जीप म्हणजे उतरल्यावर दात चाचपून घ्यावेत अशी. मी मागची बाकडी काढली, दिवाणाची गादी बसवली, स्प्रिंगचे दोन पाटे कमी केले आणि मऊ शॉकअप टाकले. आता राहिला एकच प्रश्न. खड्डा आला की चाक वर उचललं जातं. त्याला मडगार्डखाली जागा किती ठेवायची? ते सगळं मागे बसणाऱ्याच्या वजनावर.

"आण्णा, आईचं वजन किती असेल?"

"तूच विचार. मला तिच्या हातचं जेवायचंय अजून."

शेवटी शेतकऱ्याच्या घरात निघतो तोच तोडगा निघाला. गादीवर कांद्याची गोणी बसवली, मागे उशी दिली. मी खाली आडवा पडून टायर आणि मडगार्डमध्ये बोटं घालून जागा मोजत होतो. वर आण्णा डोळे बारीक करून गोणीकडे बघत होते. "नाय, नाय. एवढी बारीक नाय ती. अजून घमेलंभर टाक."

"कोण बारीक नाही?" दारात आई.

आण्णांनी घमेलं पाठीमागे लपवलं. मी जीपखालून बाहेरच आलो नाही. आईने गोणीला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाली, "निदान सडके तरी काढा त्यातले. मी अजून एवढी नासलेली नाही."

मग सुनंदाला, म्हणजे बायकोला, गोणीशेजारी बसवलं, तिच्या मांडीवर डबे दिले, पाण्याचा कॅन ठेवला. तरी चार बोटं जागा शिल्लक. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

खुड्याच्या सकाळी निघालो. आण्णा चालवायला, मागे आई, सुनंदा, डबे, कॅन, आणि आईला सावरायला मी. कॉलनीच्या पहिल्याच गतिरोधकावर खर्रर्र झालं. पुढच्यावर रबराचा वास आला. आण्णांनी गाडी थांबवली. डबे आणि कॅन पुढे गेले. तरी खर्रर्र. सुनंदाही पुढे गेली. डांबरी रस्ता होता तोवर निभावलं, पण मळ्याच्या कच्च्या वाटेवर चाक मडगार्डला असं चिकटलं की जीप जागची हलेना. टायर फाटला असता तर आई तिथूनच परत आली असती.

"असं कसं झालं?" मी म्हणालो. "सगळ्यांना बसवून मोजलं होतं!"

सुनंदाने वळून माझ्या पोटाकडे पाहिलं. "सगळ्यांना? मोजताना तुम्ही तर खाली झोपला होतात."

मी उतरलो. जीप मागून चांगली चार बोटं वर आली आणि आण्णांनी मी काही बोलायच्या आत ती पुढे काढली.

मी घामाघूम होऊन चालत मळ्यात पोचलो तेव्हा आई घड हातात घेऊन उभी होती आणि खुडणाऱ्या बायकांना सांगत होती, "पोटातलं पाणी हललं नाही बघा! दिलीपने गाडीच तशी बांधलीय." माझे डोळे भरून आले.

"तुम्हालापण कुठं जायचं असलं तर गाडी बिनधास्त मागून घ्या त्याच्याकडून," ती पुढे म्हणाली. "फक्त त्याला घरी ठेवा."