चंदरने सांगितलेली दहा मिनिटं

मुरुडच्या एका कॉलेजात ग्रंथालय परिचर म्हणून चंदरची एकतीस वर्षं झाली. येत्या मार्चअखेर तो निवृत्त होईल. फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे घालावेत, मुलांनी भलतीकडे खोचलेली पुस्तकं जागेवर लावावीत, हे त्याचं काम. गावात मात्र त्याला ओळखतात ते मुलींच्या बास्केटबॉल संघाचा सगळ्यात जुना चाहता म्हणून. स्वतः त्याने कधी चेंडू हातात घेतला नाही, पण संध्याकाळी ग्रंथालयाला कुलूप लागलं की तो मैदानाच्या कडेला हजर. "हेमांगी, डोळे उघडे ठेवून पास दे गं," अशा त्याच्या सूचना मुली हसत ऐकून घेत.

त्याची एक गोष्ट प्रसिद्ध होती. २०१३ च्या जानेवारीतला आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना. दहा मिनिटं उरलेली, मुरुड अठरा गुणांनी मागे, आणि शेवटी एका गुणाने विजय. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नाच्या पंगतीत चंदरने ती दहा मिनिटं इतक्यांदा सांगितली होती की ऐकणाऱ्याला घामाचा वास यावा.

त्यातलं एकही मिनिट त्याने पाहिलं नव्हतं.

सामना खाडीपलीकडे, दिघीजवळ होता. चंदरने पुढाकार घेऊन टेम्पो ठरवला, सतरा माणसं गोळा केली आणि जंगलजेटीच्या बोटीवर टेम्पो चढवून सगळ्यांना पलीकडे नेलं. त्यांत हेमांगीची आई भागुबाई होती. मासळी विकणारी ही बाई लेकीचा खेळ पहिल्यांदाच बघत होती. टोपली जावेवर सोपवून, ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. चेंडू बाहेर गेला तरी टाळ्या वाजवत होती.

तिसरा डाव संपला तेव्हा फलकावर ३१-४९ होते. चंदर उठला. "चला, आटपा. पावणेसहाची शेवटची जंगलजेटी. ती चुकली तर खाडीला वळसा घालून घरी पोचायला मध्यरात्र होईल."

"धा मिनटां थांब की," भागुबाई म्हणाली. "पोर खेलतेय अजून."

"काय राहिलंय वहिनी त्यात? अठरा गुण काय झाडाला लागलेत?"

"अरे, आज अमावास हाय. सांजची सुकती खोल. धक्क्याला पानी न्हाय, तर तुजी जेटी लागनार कुटं?"

"वेळापत्रकात पावणेसहा लिहिलंय."

"तू कोल्याचाच पोर ना र?" ती म्हणाली. टेम्पोचा चालक बाबाजी खो खो हसला.

त्या हसण्याने चंदर जास्तच हट्टाला पेटला. बापाची होडी सोडून कॉलेजच्या नोकरीत शिरल्यापासून तिथीवरून पाणी सांगणाऱ्यांची त्याला थोडी लाजच वाटे. खरं कारण तेही नव्हतं. आपल्या मुली हरताना त्याला बघवत नव्हत्या, आणि जेटीचं निमित्त चांगलं होतं. त्याने भागुबाईचा दंड धरून तिला टेम्पोत चढवलं. ती वळून वळून मैदानाकडे बघत राहिली.

दिघीच्या धक्क्यावर नुसता चिखल होता. जंगलजेटी लांब पाण्यात उभी, भरतीची वाट बघत. ती लागली सात वाजून गेल्यावर. त्याआधी तासभर, सगळे धक्क्यावर बसलेले असताना, बाबाजीचा फोन वाजला. ५४-५३. शेवटची बास्केट हेमांगीची. टेम्पोभोवती सगळे नाचले. भागुबाई मात्र पाण्याकडे तोंड करून बसली.

संघ दुसऱ्या दिवशी परतला. हेमांगीने पहिला प्रश्न त्यालाच विचारला. "काका, आई मध्येच का गेली?"

चंदरच्या तोंडून निघून गेलं, "अगं, पहाटे मासळीच्या बोटी यायच्या होत्या. मी म्हटलं थांबा, पण त्या ऐकेनात."

"असू दे," हेमांगी म्हणाली. एवढंच.

पुढे टेम्पोतली सगळी माणसं हळूहळू सामना शेवटपर्यंत पाहिलेली झाली. एकाने सांगितलं की दुसरा मान डोलवी. चंदर तर सगळ्यांच्या पुढे. फक्त भागुबाई विचारलं की सांगे, "मी न्हाय पायला." तिच्यासमोर चंदर ती गोष्ट कधी काढत नसे.

यंदा कॉलेजने त्या संघाचा सत्कार ठेवला. चौलजवळच्या शाळेत क्रीडाशिक्षिका असलेली हेमांगी आईला घेऊन आली. प्राचार्यांनी चंदरच्या हातात माइक दिला. "ती शेवटची दहा मिनिटं तुमच्याइतकी कुणाला सांगता येणार?"

पहिल्या रांगेत भागुबाई कानामागे हात धरून पुढे वाकली. "मोट्यानं सांग, चंदर. काय काय पायलंस ते."

त्यात टोमणा होता की खरीच हौस, त्याला कळलं नाही. तो "अठरा गुणांनी..." एवढं म्हणाला आणि थांबला. सवयीची वाक्यं जिभेवर तयार होती. समोर भागुबाई अजून वाकलेलीच होती.

"मी पाहिलं नाही," तो म्हणाला. "मी तेव्हा दिघीच्या धक्क्यावर होतो. भागुवहिनी थांबा म्हणत होत्या, मीच त्यांना ओढून नेलं. आणि हेमांगी, तुला मी खोटं सांगितलं. त्या आपणहून गेल्या नव्हत्या."

कुणीतरी हसलं, गंमत समजून.

हेमांगीने आईकडे पाहिलं. "म्हणून मी तुला परत कुठल्या सामन्याला बोलावलं नाही. म्हटलं, तुला बाजार मोठा."

"मना वाटलं, माज्या अंगाला मावऱ्याचा वास येतो," भागुबाई म्हणाली. "चारचौघांत तुला लाज वाटत असल. म्हनून मी बी कधी इचारलं न्हाय."

एवढं चंदरच्या ध्यानीमनी नव्हतं. आपण एक सामना बुडवला, एवढाच हिशेब त्याने बारा वर्षं मनात धरला होता. त्यानंतर हेमांगी आणखी तीन वर्षं खेळली होती. प्रत्येक सामन्यात त्याने जागा धरून आरडाओरडा केला होता, आणि ही बाई घरी बसून अंगाला साबण चोळत असेल, हे त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

"वहिनी..." तो म्हणाला. भागुबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हेमांगीने खुर्ची ओढून आईच्या कानाशी तोंड नेलं.

"ऐक. आम्ही अठरा गुणांनी मागे होतो. मी तुझ्या जागेकडे बघितलं, तर तिथे कुणीच नव्हतं. मला असा राग आला, आई..."

चंदरने माइक बंद केला. ते सभागृहाने ऐकायचं नव्हतं, आणि त्याने तर नव्हतंच. तो व्यासपीठावरून उतरला, भिंतीच्या कडेकडेने दाराबाहेर गेला. आतून भागुबाईचा हसण्याचा आवाज आला, मोठा, बाजारातला. क्षणभर तो उंबऱ्याशी थबकला. मग आणखी लांब, जिथे काही ऐकू येणार नाही तिथे जाऊन उभा राहिला.