थोडं ॲडजस्ट करा, साहेब!

तारापूरला केमिकल कंपनीत काम करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. एक खोकला आणि दुसरे किस्से. खोकल्यावर औषध मिळतं, किस्से मात्र मित्र भेटले की बाहेर पडतातच. माझ्या किश्शांचं एक बरं आहे, सगळे एकाच शब्दावरून सुरू होतात. ॲडजस्ट!

या शब्दाला आमच्याकडे किती अर्थ आहेत म्हणता? टमटमवाला म्हणाला तर ‘सरक’. मॅनेजर म्हणाला तर ‘फुकट थांब’. फिटर म्हणाला तर ‘हातोडा आण’. आणि आमची आई म्हणाली तर ‘गप बस आता’. मी शिफ्ट इनचार्ज. त्यामुळे हे सगळे अर्थ मला लागू होतात.

*

बोईसर स्टेशनवरून कुंभवलीकडे जायला शेअरची टमटम. चौघं बसलो होतो, त्यात एक म्हावरेवाली मावशी आली. ड्रायव्हर म्हणाला, “साब, थोडा ॲडजस्ट.” मी सरकलो. इतका सरकलो की माझा अर्धा भाग टमटममध्ये आणि अर्धा महाराष्ट्र शासनाच्या रस्त्यावर!

मावशीनं सुक्या बोंबलांची टोपली सरळ माझ्या मांडीवर ठेवली. “धर रे बाला जरा, माजे गुडघे दुखतान.” नाही कसं म्हणणार?

कंपनीत पोचलो. कंट्रोल रूममध्ये शिरलो तसा आमचा असिस्टंट ताडकन उठला. नाक वर करून इकडेतिकडे बघितलं, फोन उचलला आणि सेफ्टीवाल्यांना म्हणाला, “लवकर या! कुठूनतरी लीक होतंय, पण हा गॅस आपला वाटत नाही!”

*

आमच्या कँटीनच्या उस्तादाचा अर्थ अजून वेगळा. पाहुणे वाढले की तो मला विचारायचा, “साब, कितना ॲडजस्ट करूं?” म्हणजे डाळीत पाणी किती ओतू.

एकदा बाहेरगावचे मोठे कस्टमर आले, सोबत त्यांची भलीमोठी टीम. मी ऐटीत सांगितलं, “पूरा ॲडजस्ट करो!” उस्तादानं पाण्याचा जग घेतला नाही, पाइपच लावला.

जेवताना सगळ्यात मोठे साहेब वाटी तोंडाला लावून म्हणाले, “सूप छान झालंय. आता डाळ मागवा.”

मी म्हटलं, “डाळ संपली, सर.” ते खरंच होतं म्हणा. ती सकाळीच संपली होती.

*

आता लग्नाचं. दोन स्थळं माझ्या शिफ्टमुळे गेली. एका मुलीच्या मामानं तर तोंडावर विचारलं, “मुलगा घरी कधी असतो, ते कळेल का?” आमचं माकुणसारचं घर, मागे भाजीची वाडी, सगळं चांगलं. माल चांगला, डिलिव्हरी खराब!

तिसरं स्थळ शिरगावचं, प्राची. तिच्या बाबांचीही वाडी. माणूस घड्याळावर चालणारा. मी नाइट करून थेट गेलो. पोहे यायच्या आत मला सोफ्यावर गाढ झोप लागली. जागा झालो तेव्हा तिचे बाबा माझ्या आईला विचारत होते, “पोरगा झोपलाय का बेशुद्ध हाय?”

“लय ॲडजस्ट करतो वो तो सगल्यांशी,” आई म्हणाली. “कामातून येल कुटं मिलतो!”

प्राचीनं मला एकच प्रश्न विचारला. “तुम्ही कोणाला नाही म्हणता का कधी?”

मी म्हटलं, “नाही.”

ती खळखळून हसली. आणि मित्रांनो, मी तिथेच खलास झालो. हीच पाहिजे, बस! तिच्या बाबांनी होकार दिला, पण दारात थांबवून दम भरला. “साखरपुड्याला येलेवर आला नाय, तर मी पोरीला घेऊन घरी जाणार. मंग परत आमच्या दारात यायचा नाय.”

*

साखरपुडा शनिवारी, संध्याकाळी पालघरच्या हॉलवर. माझी फर्स्ट शिफ्ट, दुपारी सुटणारी. आमच्याकडे कायदा एकच, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा इनचार्ज, आल्याशिवाय प्लँट सोडायचा नाही. त्या दिवशीचे माझे रिलीव्हर मिश्राजी, त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. “आप टेन्शन मत लो,” ते म्हणाले होते.

शिफ्ट संपली. मिश्राजी नाहीत. फोन केला तर म्हणाले, “मैंने तो कांबळे के साथ ॲडजस्ट कर लिया!” कांबळे आमचा तिसरा इनचार्ज, त्याला फोन केला. तो नाशिकला. म्हणाला, “साहेब, मी तुम्हाला फोन करून विचारलं होतं ना, शनिवारी माझी सेकंड शिफ्ट ॲडजस्ट कराल का? तुम्ही म्हणालात, करू की!”

म्हणालो होतो. अंगठीच्या दुकानात उभा होतो, कोण काय विचारतंय याकडे लक्ष कुठे होतं? तर माझ्याच साखरपुड्याला माझा रिलीव्हर मीच!

मॅनेजरचा फोन बंद. कांबळे नाशिकहून निघाला, पण पोचणार कधी? मी प्राचीला फोन लावला. “प्राची, जरा थोडं ॲड...”

“तो शब्द बोलू नका,” ती म्हणाली. “निघू शकता की नाही?”

“नाही.”

फोन कट. संपलं सगळं! रिअ‍ॅक्टरचं टेंपरेचर बघत होतो आणि आकडे दिसत नव्हते, डोळे भरून आले होते. असिस्टंट म्हणाला, “साहेब, पाणी देऊ?”

तासाभरानं गेटवरून सिक्युरिटीचा फोन. “साब, गेट पे बारात आयी है.”

पॅनल असिस्टंटकडे देऊन धावलो. गेटबाहेर जायचं नाही, गेटपर्यंत चालतं. बघतो तर शालू नेसलेली प्राची, हातात पेढ्यांचा पुडा घेतलेली आमची आई, आणि मागे तिचे बाबा. चेहरा असा की मी हेल्मेट आणखी खाली ओढलं.

“हॉलपेक्षा इथं वारा चांगला आहे,” प्राची म्हणाली. “हात पुढे करा.”

आई कुंकू लावायला आली. सिक्युरिटीवाला म्हणाला, “हेल्मेट नहीं निकालना, माताजी.” आईनं हेल्मेटलाच कुंकू लावलं. बंद गेटच्या गजांतून मी प्राचीला अंगठी घातली, तिनं मला. बाहेर उभ्या टमटमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. तिचे बाबा घड्याळ बघत होते.

मी वळलो, तर सिक्युरिटीवाला पुन्हा आडवा. “साब, अंगूठी उतारिए. प्लँट में अलाउड नहीं है. सेफ्टी.”

तिचे बाबा हळूहळू गेटपाशी आले. गजाला धरून सिक्युरिटीवाल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“अंगठी आत अलाउड नाय,” ते म्हणाले. “बरा. पन आमचा जावय बाहेर अलाउड हाय का नाय, ता तरी सांग!”